वाकड्या करंगळीचं चिन्ह

लेबल छापणाऱ्या माणसाला दुकानात पाठवू नये. बाकीचे लोक साबण, बिस्किटं, फिनेल विकत घेऊन बाहेर पडतात. मी तिथेच उभी राहून हिरवा रंग कुठे फिका पडलाय आणि कडेची रेघ कुठे सरकलीय ते बघत बसते. एकोणीस वर्षं मी एका छापखान्यात लेबलांची चित्रं काढते आणि ती नीट छापून निघतात की नाही ते बघते. म्हणून घरचे मला सामान आणायला पाठवत नाहीत, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आमच्या छापखान्याचा एक जुना नियम आहे. काम कितीही छोटं असो, यंत्रातून निघालेला पहिला चांगला कागद नमुना वहीत चिकटवायचा. शेजारी मूळ चित्र, तारीख, गिऱ्हाइकाने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, आणि खाली त्याची सही. मालकांच्या वडिलांच्या काळात एकाने सगळी लेबलं छापून झाल्यावर 'मी निळा सांगितला होता' म्हणून रामायण केलं होतं, तेव्हापासून हे सुरू झालं. आता अशा सदतीस वह्या आहेत. त्या कपाटात असतात, कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली मालकांच्या खिशात असते. मालकांनी सत्तरी ओलांडली आहे. नातवंडांना हाक मारताना ते नावं चुकतात, पण कुठलं काम कुठल्या वहीत आहे ते चुकत नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी कागदी रुमालांचा एक कारखानदार आमच्याकडे आला. डब्याच्या कोपऱ्यात त्याला काहीतरी गोल, हिरवं हवं होतं.

"कोणीतरी पास केल्यासारखं दिसलं पाहिजे," तो म्हणाला.

"कोणी पास केलंय?" मी विचारलं.

"दिसलं पाहिजे, असं म्हटलं मी."

चित्र संध्याकाळपर्यंत हवं होतं. मी उजव्या हाताने काढते, म्हणून समोर टेबलावर स्वतःचाच डावा हात उताणा ठेवला आणि तो काढला. तळहातावर एक पान, भोवती गोल, आणि गोलात 'निसर्गमान्य' हा शब्द. निसर्गाला कोणी विचारलं नव्हतं.

आता माझ्या डाव्या हाताबद्दल सांगायला हवं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी करंगळी कागद कापायच्या यंत्रात सापडली होती. बोट वाचलं, पण वरचं पेर कायमचं बाहेरच्या बाजूला वळलं. मी घाईत जसं दिसलं तसं काढलं आणि ठसा तयार झाल्यावर माझ्या लक्षात आलं की चित्रातली करंगळीही वाकडी आहे. मी मालकांना दाखवलं. ते म्हणाले, "एवढं कोण बघतंय?" आणि यंत्र सुरू झालं.

खरंच कोणी बघितलं नाही. पुढच्या वर्षी एक शाम्पूवाला तोच रुमालांचा डबा घेऊन आला आणि 'हेच टाका' म्हणाला. मग एक भांडी घासायच्या पावडरवाला. मग तर लोक आमच्याकडे यायचेही बंद झाले. दुसऱ्या छापखान्यांनी ते चित्र परस्पर उचललं. कधी दुकानात गेलेच, तर दोन-चार ठिकाणी माझा हात मला भेटायचा आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. ते चित्र बघून कोणी वस्तू विकत घेत असेल, त्यावर विश्वास ठेवत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही.

आता माझी थोरली जाऊ. आम्ही वरच्या मजल्यावर, त्या खालच्या, आणि त्यांच्या स्वयंपाकघरामागच्या दोन लांब खोल्यांत त्यांचा साबणाचा कारखाना. सहा बायका तिथे काम करतात. एका खोलीत तेल आणि कॉस्टिक सोडा मोजून घोटतात, लाकडी साच्यांत ओततात, दुसऱ्या दिवशी तारेने वड्या पाडतात. दुसऱ्या खोलीत त्या वड्या सहा-सहा आठवडे फळ्यांवर सुकतात. जाऊबाईंचा स्वभावही त्या वड्यांच्या ओळींसारखा, सगळं एका रेषेत. त्यांच्या पोटात गोष्ट वर्षभर राहते. माझ्या पोटात जिन्याच्या वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंतही राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं की आपल्या साबणाला खरं प्रमाणपत्र घ्यायचं. मला वाटलं, अर्ज करतील, शिक्का मिळेल, झालं. कसलं काय. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या तपासनीस बाई तीन वेळा आल्या. त्यांनी तेलाच्या प्रत्येक पिंपाचा कागद मागितला: हे तेल कोणत्या मळ्यातलं, त्या मळ्यासाठी जंगल तोडलं होतं का. एका पिंपाचा कागद निघेना, तर त्या तेलाचा सगळा साबण बाजूला काढावा लागला आणि चार महिने मागे पडले. सांडपाणी कुठे जातं ते बघायला त्या बाई टॉर्च घेऊन टाकीत वाकल्या. मग त्यांनी जाऊबाईंना चक्क बाहेर उभं केलं, दार लावून घेतलं आणि सहाही बायकांना एकेक करून विचारलं: जास्तीच्या कामाचा मोबदला मिळतो का, हातमोजे मिळतात का, जास्तीच्या कामाला नाही म्हणायची मुभा आहे का. जाऊबाई तासभर स्वतःच्याच कारखान्याच्या दाराबाहेर उभ्या होत्या. मला हसू आवरेना.

आणि एवढ्या खटाटोपानंतर मिळालं काय, तर नखाएवढं तपकिरी चिन्ह आणि त्याखाली एक लांबलचक क्रमांक. ते मोठं करायचं नाही, रंग बदलायचा नाही, क्रमांक गाळायचा नाही, असं सोबतच्या पत्रात लिहिलेलं. लेबल आमच्याच छापखान्यात छापायचं होतं. मी म्हटलं, "जाऊबाई, बाजूला थोडी पानंफुलं टाकते. हे फारच केविलवाणं दिसतंय."

"जे दाखवता येत नाही ते लेबलवर नको," त्या म्हणाल्या.

मी तोंड वाकडं केलं आणि सांगितलं तसं छापलं.

हे सगळं झालं आणि वर्षभरात एक पत्र आलं. सात शाखा असलेलं एक मोठं दुकान जाऊबाईंचा निम्म्याहून जास्त साबण घेत असे. दुकानाने कळवलं होतं की पुढच्या महिन्यापासून त्यांच्या पर्यावरणपूरक मालाच्या 'हिरव्या फळी'वर फक्त एका ठरावीक चिन्हाच्या वस्तू राहतील, कारण ग्राहक ते चिन्ह ओळखतात. तुमच्या साबणावर ते नाही. तीस तारखेपर्यंत मिळवा, नाहीतर माल परत न्या.

जाऊबाईंनी हे पंधरा दिवस कोणाला सांगितलं नाही. त्या चिन्ह देणाऱ्या संस्थेचा पत्ता शोधत बसल्या. सरकारी कचेरीत फोन केला, तपासनीस बाईंना विचारलं, ते चिन्ह वापरणाऱ्या दोन कंपन्यांना पत्रं लिहिली. कोणालाच माहीत नाही. शेवटी एका रविवारी सकाळी मी चहाला खाली गेले, तेव्हा त्यांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तू लेबलांच्या धंद्यात आहेस. ही संस्था कुठे असते गं? चार दिवस उरलेत. मला दोघींना तरी घरी बसवावं लागेल, आणि कोणत्या दोघींना ते मला ठरवता येत नाहीये."

पत्राच्या तळाशी चिन्हाचं चित्र होतं. गोल, हिरवं. तळहातावर पान. वाकडी करंगळी.

माझ्या हातातला कप बशीवर आपटला. आधी मला हसू आलं, मग तोंडाची चव गेली. टाकी उघडून दाखवून, कागद जुळवून, दाराबाहेर उभं राहून जे या बाईने मिळवलं, ते माझ्या एका दुपारच्या चित्रापुढे हरत होतं. मी माझा डावा हात टेबलावर उताणा ठेवला, पत्राच्या अगदी शेजारी.

जाऊबाईंनी पत्र पाहिलं, हात पाहिला, परत पत्र पाहिलं.

"ही संस्था," मी म्हटलं, "तुमच्यासमोर चहा पितेय."

मला वाटलं, आता बोलणी बसणार, आणि ती मला बसायलाच हवी होती. पण त्यांनी एवढंच विचारलं, "हे सिद्ध करता येईल?"

"वहीत आहे."

सोमवारी सकाळी मी मालकांपुढे उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीची वही द्या, मला ती दुकानाच्या कचेरीत न्यायची आहे.

"वही छापखान्याबाहेर जात नाही," मालक म्हणाले. "आणि गिऱ्हाइकांची नावं अशी चव्हाट्यावर मांडायची? उद्या कोण येईल आपल्याकडे?"

"नावावर कागद लावा. मला फक्त चित्र, तारीख आणि त्याने काय सांगितलं ते हवंय."

"नाही म्हणजे नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊबाईंसारखं शांत बोलणं मला जन्मात जमायचं नाही. मी म्हटलं, "मालक, आपण त्या चित्राचं काम तीन गिऱ्हाइकांसाठी केलं. आज दुकानात ते किती वस्तूंवर आहे माहीत आहे? बाकीच्यांनी आपलं चित्र न विचारता उचललंय. दुसऱ्या छापखान्यांनी. करंगळीसकट."

खोटं चिन्ह छापलं याचं त्यांना इतकं लागलं नव्हतं, पण हे लागलं. त्यांचे कान लाल झाले.

"चोरलं? आपलं चित्र?"

"करंगळीसकट," मी पुन्हा म्हटलं.

ते उठले, कपाट उघडलं, न शोधता एकविसावी वही काढली आणि काखेत मारली. "वही एकटी जात नाही," ते म्हणाले. "मी बरोबर येतो."

अशी आमची वरात दुकानाच्या कचेरीत पोचली: पुढे साबणाचं खोकं घेतलेल्या जाऊबाई, मागे वही कवटाळलेले मालक, मध्ये मी. खरेदी बघणाऱ्या बाई भल्या होत्या, घाईत होत्या. पत्र त्यांनीच पाठवलं होतं.

"तुमचा साबण चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही," त्या म्हणाल्या. "पण या चिन्हावर लोकांचा विश्वास आहे. तुमचं चिन्ह कोणाच्या ओळखीचं नाही."

"मला हे मिळवायचंय," जाऊबाई म्हणाल्या. "अर्ज कुठे करायचा तेवढं सांगा."

बाईंनी फाइल उघडली. पानं उलटली. मग दुसरी फाइल मागवली. शेवटी त्यांनी एका वयस्कर कारकुनाला खाली पाठवलं, की त्या फळीवरच्या सगळ्या वस्तू वर आण, कुठल्यातरी वस्तूवर पत्ता असेलच. कारकून नऊ वस्तू घेऊन आला. शाम्पू, पावडर, दोन साबण, कागदी रुमाल, डबे, पिशव्या. बाईंनी एकेक फिरवून पाहिली. नवावर नऊ हिरवे हात. पत्ता एकावरही नाही, क्रमांक एकावरही नाही.

"विचित्र आहे," त्या पुटपुटल्या.

मी पुढे झाले आणि त्या नऊ वस्तूंच्या रांगेत, शाम्पूच्या आणि पावडरच्या मध्ये, माझा डावा हात उताणा ठेवला.

आधी कारकुनाच्या लक्षात आलं. त्याने चष्मा वर केला, शाम्पूवर बोट ठेवलं, मग माझ्या करंगळीकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून 'अरेच्चा' निघालं. मग मालकांनी वही उघडली. नाव कागदाने झाकलेलं होतं, पण बाकी सगळं होतं: पेन्सिलचं मूळ चित्र, अकरा वर्षांपूर्वीची तारीख, पहिला चांगला कागद, आणि मालकांच्या वळणदार अक्षरात गिऱ्हाइकाचे शब्द. बाईंनी ते मोठ्याने वाचले. "गोल, हिरवं. कोणीतरी पास केल्यासारखं दिसलं पाहिजे."



"म्हणजे हे कोणीच देत नाही," बाई शेवटी म्हणाल्या.

"मी दिलं," मी म्हटलं. "एकदाच, एका दुपारी. माझी चूक झाली. माझ्या हाताखाली काय विकलं जातंय ते मी अकरा वर्षं विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाही. यांनी एकट्यांनी विचारलं, की हे कोण देतं, आणि यांचाच माल तुम्ही परत पाठवताय."

जाऊबाईंनी माझ्या बाहीला हलकेच ओढलं. म्हणजे पुरे. मग त्यांनी खोक्यातून एक वडी काढून बाईंसमोर ठेवली, मागची बाजू वर करून.

"हा क्रमांक तुमच्या संगणकावर घालून बघा. मी काही सांगत नाही. तेच सांगेल."

बाईंनी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं पान उघडलं आणि क्रमांक घातला. एवढा लांब क्रमांक, मीच छापलेला, एखादा आकडा चुकला असता तर? पण पान उघडलं. जाऊबाईंच्या कारखान्याचं नाव, पत्ता, तपासणीच्या तिन्ही तारखा, प्रमाणपत्र कधीपर्यंत चालेल ते. बाई वाचत गेल्या आणि त्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला. "तेलाचा स्रोत तपासला. एका पिंपाची कागदपत्रं अपुरी. त्या तेलाचा माल विक्रीतून काढला. सहा कामगारांशी स्वतंत्रपणे बोलणं झालं. सांडपाण्याच्या टाकीचं झाकण तडकलेलं, बदलायला सांगितलं. बदललं."

त्या थांबल्या. "तुमच्या टाकीचं झाकणसुद्धा लिहिलंय इथे."

"तडकलं होतं," जाऊबाई म्हणाल्या.

"हे लपवावंसं वाटलं नाही?"

"लपवता येत नाही, म्हणून तर ते चिन्ह घेतलं. आणि आणखी एक सांगते. हे चिन्ह फक्त तेल, पाणी आणि माझ्या बायका यांच्याबद्दल आहे. वेष्टनाबद्दल नाही, आणि साबणाने कोणाचं रूप उजळतं असंही ते म्हणत नाही. तेवढं मागू नका त्याच्याकडे."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांनी जाऊबाईंच्या हातातलं स्वतःचंच पत्र मागून घेतलं, त्यावर आडवी रेघ मारली, सही केली आणि परत दिलं. "हे रद्द," त्या म्हणाल्या. "त्या फळीवर आता जो क्रमांक दाखवेल तो राहील. या नऊ जणांना मी आजच विचारते, कोणी पास केलंय म्हणून. आणि तुमचा साबण मधल्या फळीवर घेते, डोळ्यांसमोर."

मालकांनी वही मिटली. "आणि आमचं चित्र विनापरवाना उचललंय, तेही विचारा," ते म्हणाले, आणि बाईंना पहिल्यांदा हसू आलं.

जिना उतरताना जाऊबाई अचानक पायरीवर बसल्या. माझा जीव घाबरला. त्या रडत होत्या. अठरा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"कोणालाच घरी बसवायचं नाही," त्या म्हणाल्या. "सहाच्या सहा."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि मीही रडून घेतलं. मालक वही छातीशी धरून दोन पायऱ्या खाली उभे राहिले आणि भिंतीकडे बघत घसा खाकरत राहिले.

त्या नऊ जणांपैकी एकानेही उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच. पण त्याच आठवड्यात आमच्याकडे कामाची रीघ लागली: तयार डब्यांवरचं चिन्ह झाकायला कोरे हिरवे स्टिकर हवेत, लगेच. माझाच हात झाकायचे स्टिकर मी स्वतः छापले, पहिला चांगला कागद वहीत चिकटवला आणि त्या दिवशी जेवण मला भारी गोड लागलं. मालकांनी काउंटरवर पाटी लावली: क्रमांकाशिवाय कुठलंही चिन्ह छापलं जाणार नाही. पहिलं गिऱ्हाईक ती वाचून निघून गेलं. मालक म्हणाले, "जाऊ दे." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, नाहीतर खरं वाटलं नसतं.

महिन्याभराने खरेदीच्या बाईंचा फोन आला. सातही शाखांत फळीवर लावायला एक फलक हवा होता: वस्तू उलटी करा, चिन्ह कोण देतं ते वाचा, क्रमांक तपासा. सोबत एक चित्र. मी टेबलाशी बसले, समोर डावा हात ठेवला, त्यात जाऊबाईंची साबणाची वडी धरली आणि काढायला घेतलं. या वेळी घाई नव्हती.

फलक लागला त्या दिवशी जाऊबाई आणि मी बघायला गेलो. मधली फळी भरलेली होती. मागणी वाढली म्हणून त्यांनी सातवी बाई कामाला घेतली होती. फलकाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"अगं, या वेळी तरी करंगळी सरळ काढायचीस."

"नको. कोणी विचारलं, हे कोणी काढलं, तर हात दाखवता येतो."

शेजारी एक अनोळखी बाई आपल्या मुलीला घेऊन उभी होती. तिने साबण उचलला, फलक वाचला, वडी उलटी केली, फोन काढून एकेक आकडा घातला आणि वाचत उभी राहिली. आम्ही दोघी श्वास रोखून डब्यांचे भाव वाचल्याचं सोंग करत होतो. तिने वाचून संपवलं, आणखी दोन वड्या घेतल्या आणि मुलीला म्हणाली, "या लोकांनी टाकीचं झाकणसुद्धा बदललंय."

जाऊबाईंनी माझा डावा हात हातात घेतला, करंगळीसकट, आणि दुकानाच्या दारापर्यंत सोडला नाही.